उपाशी गोधडी

मार्चमधल्या एका शुक्रवारी, दुपारी साडेतीनच्या सुमारास, बंगळुरूतल्या एका विद्यापीठाच्या सभागृहात अक्कावर अन्याय झाला. अन्याय करणारी मी. कात्री माझ्या हातात होती.

हे आधी सांगून टाकते, कारण मी इथल्या विद्यार्थी गटाची पत्रकं लिहिणारी मुलगी आहे. पत्रकात पहिल्या ओळीत दोषी कोण ते यावं लागतं. आजवर ती जागा मी दुसऱ्यांच्या नावांनी भरली.

अक्काला तुम्हीही पाहिलंय. स्त्रीप्रश्न, कला, सामाजिक न्याय अशा विषयांवरच्या कार्यक्रमांना जाणारे असाल तर नक्कीच पाहिलंय. खुर्च्या मांडणारी, माईकखालचं टेबल पुसणारी, दाराशी थर्मास घेऊन उभी राहणारी बाई. कंत्राटावरची. घरात तीन पिढ्या बंगळुरूतल्या, त्यामुळे तिची मराठी आमच्या पुण्याच्या मराठीसारखी नव्हती. "स्वल्प सरक गं," म्हणत ती झाडू आमच्या पायांखालून काढायची. पाहुण्या प्राध्यापकालाही तेच. तोही सरकायचा.

मला ती 'पत्रकवाली' म्हणायची. "ए पत्रकवाली, आज कशावर चिडायचंय?" मी विषय सांगायचे. "सरी," म्हणजे ठीक, असं म्हणून ती त्या हिशेबानं खुर्च्या मांडायची. जातीवर असेल तर चार ओळी कमी. तिचा अंदाज कधी चुकला नाही, याची आम्हालाच लाज वाटायची.

भाषण कसं झालं हे ती चहावरून ठरवायची. कंटाळलेले लोक मध्येच उठून चहाला येतात आणि थर्मास रिकामा होतो. लोक जागचे हलले नाहीत तर चहा उरतो. कार्यक्रम संपला की ती थर्मास हलवून निकाल द्यायची. एका नावाजलेल्या वक्त्याबद्दल म्हणाली होती, "साहेबांनी दोन थर्मास पाजले गं."

भाषणं चालू असताना, चहाला कुणी नसलं की ती सभागृहामागच्या खोलीत बसून गोधडी शिवायची. मुलीचे दिवस भरत आले होते, येणाऱ्या बाळासाठी. स्वतःच्या जुन्या साड्या, मधे आमच्या फाटक्या कापडी बॅनरचा एक पट्टा, आणि सगळीकडे लाल धावदोरा. इतका बारीक, इतका सरळ की मी तिथेच उभी राहिले.

आमचं स्त्रियांच्या श्रमावर आणि कलेवर प्रदर्शन होणार होतं, तीन दिवसांचं. मी म्हटलं, अक्का, ही तीन दिवस दे. ती लाजली. मग म्हणाली, "नीट सांभाळ हं. बाळाची आहे."

खालचं कार्ड मी लिहिलं. 'एका अनामिक श्रमिक स्त्रीची गोधडी.' अनामिक कशाला? कारण मला ते जास्त धारदार वाटलं. एका बाईचं नाव घातलं की एकच बाई होते, अनामिक म्हटलं की हजारो होतात, असा माझा युक्तिवाद होता. तो मी मनातल्या मनात जिंकले. अक्काला विचारलं नाही.

त्या शुक्रवारी उद्‌घाटनाच्या अर्धा तास आधी गोधडीवर मुंग्यांची रांग दिसली. सगळ्या एका कोपऱ्याकडे चाललेल्या. चाचपलं तर आत काहीतरी टणक. आमच्या प्राध्यापकबाई म्हणाल्या, "पाहुणे येतील, आवर पटकन." मी चार टाके कापले. आत हळद लागलेला भाकरीचा वाळका तुकडा होता. तो कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि हाताशी होता त्या पांढऱ्या दोऱ्यानं कोपरा शिवून टाकला. आपण वेळेवर निभावलं याचा आनंदही झाला.

चारला अक्का चहाचा ट्रे घेऊन आली. गोधडीपाशी थांबली. ट्रे खाली ठेवून तिनं अंगठ्यानं तो कोपरा दाबून पाहिला.

"पोट कुणी फाडलं हिचं?"

"मुंग्या आल्या होत्या, अक्का."

"येणारच. जेवायला वाढलं की पाव्हणे येतात." मग हळू म्हणाली, "आमच्यात शेवटचा कोपरा शिवताना भाकरी ठेवतात. गोधडीचं पोट भरलेलं असलं की पांघरणारं उपाशी राहत नाही. विचारायचं ना गं. मी दारातच होते."

ट्रे उचलून ती पुन्हा दारात गेली. व्यासपीठावरच्या पाहुण्या बाई बिननावाच्या हातांबद्दल बोलल्या, गोधडीकडे हात करून. सभागृह उभं राहिलं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

शेवटी अक्कानं थर्मास हलवला. "चहा उरला. बाई चांगलं बोलली."

प्रदर्शन संपल्यावर गोधडी घेऊन मी के. आर. पुरमला तिच्या घरी गेले. मधल्या काळात नात झाली होती. ती दुकानातल्या ब्लँकेटमध्ये झोपली होती, निळ्या रंगाच्या, हत्तीची चित्रं असलेल्या. अक्कानं मला बसवलं, चहा दिला. मी म्हटलं, पुन्हा भाकरी घालून शिवूया, लाल दोरा आणलाय.

"तोंडातून काढलेला घास परत वाढत नाहीत," ती म्हणाली. "उपाशी गोधडी लेकराला कशी घालू? राहू दे तुमच्याकडेच."

"निदान कार्डावर तुझं नाव लिहिते."

"नको. लिहायचं तेव्हा लिहिलं नाहीस." ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं माझ्या कपात आणखी थोडा चहा ओतला. म्हणून इथेही तिचं नाव नाही.

जूनमध्ये कंत्राट बदललं आणि तिला व्हाइटफील्डच्या एका ऑफिसात पाठवलं. आता खुर्च्या आम्हीच मांडतो. नेहमी जास्त होतात. थर्मास कुणी हलवून बघत नाही.

गोधडी आमच्या विभागाच्या व्हरांड्यात टांगलेली आहे. जुनं कार्ड मी फाडलं. नव्यावर लिहिलंय: 'हिचा कोपरा न विचारता कापला', आणि खाली माझी सही. विभागानं ते दोनदा काढलं. मी तिसऱ्यांदा लावलंय.

तुम्ही असल्या कार्यक्रमांना जाता. पुढच्या वेळी कुठल्याही वस्तूखाली 'अनामिक' दिसलं की आयोजकांना विचारा, करणारीला विचारलं होतं का? आणि उत्तर मिळेपर्यंत टाळी वाजवू नका. आधी दाराकडे बघा. ती तिथेच उभी असेल.