दोनाच्या जागी चार वॉशर

बंदरावर माझ्या सासऱ्यांना सगळे नाकमुरडे म्हणतात. ते आमचं आडनाव नाही. बोटीचं इंजिन दुरुस्त करायला खाली उतरले की ते आधी नाक मुरडतात आणि मग म्हणतात, "शी!" ही शी कुणासाठी, ते हळूहळू कळतं. कधी तळात साचलेल्या पाण्यासाठी, कधी मालकासाठी, पण बहुतेक वेळा त्यांच्या आधी ज्यानं त्या इंजिनाला हात लावला त्या अज्ञात इसमासाठी.

लग्नानंतर वर्षभर मला वाटायचं की यांना माणसांचीच ॲलर्जी आहे. तसं नाही. त्यांना थातुरमातुर कामाची किळस येते. चिकटपट्टी गुंडाळलेली नळी दिसली की भातात केस सापडल्यासारखं त्यांचं तोंड होतं. तांब्याचं जुनं वॉशर परत बसवायचं नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नियम. वॉशर म्हणजे काय, नखाएवढी चकती. पण एकदा आवळली की ती दबते, आणि दबलेली चकती परत बसवली की डिझेल झिरपणारच. एखादा मालक म्हणाला, "हेच चालवून घ्या की," तर बाबा विचारतात, "तुम्ही लोकांचे उष्टे घास खाता का हो?" मालक मुकाट नव्या चकतीचे पैसे काढतो.

गेल्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर घरात बसून त्यांनी आमच्या सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. तेव्हापासून मी त्यांच्याबरोबर जाते. मी बाबांच्या दुरुस्तीच्या कारखान्यातला फोन सांभाळणारी, पण आता बॅटरीचा उजेड धरते आणि बादली उचलते. बॅटरी मुलानं धरायला हवी खरं तर, म्हणजे माझ्या नवऱ्यानं. तोही हेच काम करतो. गोड बोलतो, मालकांना आवडतो, आणि नेमकं घाण काम निघालं की त्याला दुसरीकडे अर्जंट जायचं असतं. पुढच्या महिन्यात कारखाना त्याच्या हाती सोपवायचा, असं बाबांनी ठरवलं होतं. सोपवायला तिथे आहे काय? दोन टेबलं, हत्यारं आणि बाबांचं नाव. या नावावरच लोक डोळे झाकून बोटीची किल्ली काढून देतात.

परवा सकाळी दातांच्या डॉक्टरबाईंच्या शिडाच्या बोटीवर गेलो. बोटीत डिझेलचा वास कोंडलाय, मुलींना ओकाऱ्या होतात, रविवारी त्यांना आणि म्हाताऱ्या वडिलांना घेऊन बाहेर जायचंय, तेवढं बघा, असा बाईंचा निरोप होता. निरोप माझ्या नवऱ्याकडे आला होता. त्याला त्या दिवशीही अर्जंट होतं.

आत पाय टाकताच मी ओढणी नाकाला लावली. नुसतं डिझेल असतं तर मला सवय आहे. इथे कुणीतरी वास मारायला गुलाबाच्या अत्तराच्या पुड्या टांगल्या होत्या. डिझेलमध्ये गुलाब! बाबांनी त्या पुड्या दोन बोटांत धरून माझ्या हातात दिल्या.

"सूनबाई, हे आधी बाहेर फेक. गटारीला पावडर लावून ठेवलीय."

जिन्याच्या पायऱ्या काढल्या की मागे इंजिन. त्याखाली बोटीचा तळ, आणि तळात काळं पाणी. पाण्यावर डिझेलचा रंगीत तवंग, त्यात केसांचा गुंता, एक छोटा मोजा आणि फुगलेला बिस्किटाचा पुडा. हे सगळं स्पंजनं टिपून बादलीत पिळायचं काम माझं. मोजा उचलताना मी तोंड फिरवलं. बाबा म्हणाले, "तोंड फिरवून सापडतं का काही?"

टाकी गळत नव्हती. बाबांनी आदल्या दिवशी बंदराच्या चौकीदाराकडून पातळीवर खूण करून घेतली होती, ती जशीच्या तशी होती. म्हणजे इंजिन चालू असतानाच कुठून तरी झिरपतंय. पण नक्की कुठून? डिझेलची खोड अशी की ते एका जागी सुटतं, नळीच्या पोटाखालून हातभर सरपटत जातं आणि भलत्याच जागी थेंब टाकतं. शिकाऊ माणूस थेंबाच्या जागेशी झटत बसतो. बाबांनी इंजिन साबणाच्या पाण्यानं पुसलं, कोरडं केलं, पुन्हा पुसलं. मग प्रत्येक सांध्याला टिश्यू पेपरचा तुकडा गुंडाळला. अकरा सांधे, अकरा पांढरी फडकी. इंजिन चालू केलं आणि आम्ही दोघं गुडघ्यावर बसून वाट बघत राहिलो.

वाट बघताना बाबांचं कीर्तन चालूच होतं. "ही वायर बघ, लोंबतेय. हा नट बघ, पक्कडीनं कुरतडलाय. पाना काय गहाण पडला होता का? कुठल्या गाढवानं केलंय हे? अशाला स्क्रू ड्रायव्हरसुद्धा हातात देऊ नये."

मला मनातून बरं वाटत होतं. दुसऱ्याला शिव्या बसत असल्या की कुणालाही बरंच वाटतं.

वीस मिनिटांनी फिल्टरच्या डोक्यावरच्या सांध्याचा कागद ओला झाला. तेलकट पुरी ठेवल्यासारखा आरपार. बाबांनी इंजिन बंद केलं, बोल्ट सोडवला आणि तळहातावर ठेवला. सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक वॉशर लागतं. तिथे दोन-दोन होती. दबलेली, जुनी, एकावर एक ठेवलेली, आणि वरून गळती बुजवायचा लाल सीलर चोपडलेला.

बाबांचं कीर्तन बंद झालं.

मीही ते काम ओळखलं. कारण नवं वॉशर आणायचा कंटाळा आला की दोन जुनी एकावर एक ठेवून लाल सीलर लावणारा माणूस मला माहीत आहे. आमच्या स्वयंपाकघरातला नळ त्यानं असाच दुरुस्त केलाय, आणि तो अजून गळतो. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. खिशातून दोन नवी वॉशर काढली, सीलर खरवडला, सांधा पुसून चकचकीत केला आणि बोल्ट आवळला. पुन्हा इंजिन, पुन्हा कागद. अर्धा तास झाला तरी कागद कोरडा होता.

तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. बाबांनी चार जुनी वॉशर दाखवली आणि काय झालं होतं ते समजावलं.

"पण गेल्या वर्षी सर्व्हिसिंग तुमच्याकडूनच झालं होतं ना?" बाई म्हणाल्या. "मी गावाला होते, किल्ली चौकीदाराकडे ठेवली होती. कोण आलं होतं?"

सर्व्हिसिंगच्या त्या दिवसांत बाबा डोळ्यांवर पट्टी बांधून घरात बसले होते.

"मीच आलो होतो," बाबा म्हणाले. "तेव्हा डोळ्यांना नीट दिसत नव्हतं."

मी बॅटरी घट्ट धरली. चाळीस वर्षं परक्याच्या एका वॉशरला माफ न करणारा माणूस माझ्यासमोर ढळढळीत खोटं बोलत होता, आणि तेही स्वतःच्या नावावर. मला त्या बोटीतल्या वासापेक्षा याची जास्त शिसारी आली.

बाई भल्या आहेत. त्या ओरडल्या नाहीत. खालच्या आवाजात एवढंच म्हणाल्या, "काका, रागावू नका. पण मुली असतात हो बोटीवर. यापुढे तुमच्याकडचं दुसरं कुणी येईल का?"

"मुलगा आहे," बाबा म्हणाले. "तो येईल."

आम्ही घरी आलो. हात तीनदा धुतले तरी वास जाईना. जेवायला बसलो तेव्हा नवरा आधीच ताटावर होता आणि खुशीत होता.

"डॉक्टरबाईंचा फोन आला होता," तो म्हणाला. "यापुढे त्यांची बोट मी बघायची. बाबा, मनाला लावून घेऊ नका. वय झालं की व्हायच्याच चुका. खरं म्हणजे तुम्ही आता घरीच बसावं."

बाबा मान खाली घालून भात कालवत राहिले. त्यांनी हे सगळं गिळायचं ठरवलंच होतं. मला नाही गिळवलं.

"ते खोटं बोलले," मी म्हटलं. "तुझं नाव जाऊ नये म्हणून. चार वॉशर होती तिथे, लाल सीलर लावलेली. काम तुझं होतं."

"तुला कुणी मध्ये बोलायला सांगितलं?" बाबा माझ्यावरच खेकसले. माझ्यावर ते कधी आवाज चढवत नाहीत. मग मुलाकडे वळून म्हणाले, "जाऊ दे. तुझ्या लक्षात आलं नसेल."

"लक्षात काय यायचंय?" नवरा पाण्याचा पेला भरत म्हणाला. "वास येतो म्हटल्यावरच कळलं मला. म्हणून तर मी गेलो नाही. तुम्ही काय, शोधून काढणारच, आणि निभावूनही न्याल. नेलंतच ना?"

तो हसला. यात काही वावगं आहे असं त्याला खरोखरच वाटत नव्हतं.

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. त्याच्याकडे बघून त्यांनी नाक मुरडलं नाही, शीसुद्धा म्हटलं नाही. मग उठले, हात धुतले, नीट पुसले आणि आमच्यासमोरच फोन लावला.

"डॉक्टरबाई, सकाळी मी खोटं बोललो. सर्व्हिसिंग मी केलं नव्हतं, माझ्या मुलानं केलं होतं. आजचा सांधा मी बसवलाय, रविवारी खुशाल जा. पण यापुढे त्याच्या हातात तुमची किल्ली देऊ नका." मधे ते थोडं ऐकत राहिले. "हो, शुद्धीवर आहे मी. सगळ्यांनाच सांगणार आहे."

फोन ठेवून त्यांनी डायरी उघडली आणि पुढच्या बोटवाल्याचा नंबर फिरवला. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मी उठून त्यांना थांबवीन या आशेनं. मी ताट पुढे ओढलं आणि जेवायला लागले.