पारबता वयनीचं ‘नाई’

वयनी गेली तेव्हा मी कुरखेड्याले धान भरडायले गेलो होतो. गिरणीच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून फोन घेऊन बाहेर आलो. पोरगा म्हणाला, “बाबा, मोठी आई गेली.” मी म्हणलो, सकाळी तर आंगणात कोंबड्यांवर ओरडून राह्यली होती. “ओरडता ओरडताच खाली बसली, अन् मंग उठलीच नाई.” तांदूळ तिथीच टाकून गावाकडे निघालो. त्याले आता दीड महिना होत आला.

पारबता म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. भाऊ लवकर वारला, एकुलती पोरगी लग्न होऊन चिमूरकडे गेली. तेव्हापासून आमच्याच घराच्या दुसऱ्या अर्ध्यात ती एकटी राहे. आंगण एक, चुली दोन. आता गावात जो तो म्हणते, पारबताबाई मोठी चांगली होती. जिवंत होती तेव्हा हेच लोक तिच्या नावानं बोटं मोडत. मी तर सगळ्यात जास्त. मेल्यावर माणसाबद्दल गोड बोलायची रीत आहे म्हणतात, पण मले ते जमणार नाई. जे झालं ते सांगतो.

त्याच्याआधी गावाचं सांगावं लागते. आमचं गाव लहान आहे. आम्हा गोंडांची घरं, अन् ओढ्यापल्याड बौद्धांच्या वस्तीचा टोला. जंगल गावाच्या पाठीलेच लागून. आमच्या सभेत हात वर करून मतं मोजत नाईत. प्रत्येक घराचं ‘हो’ आलं तरच ठराव. एकानंही ‘माझं नाई’ म्हटलं की पुन्हा बसायचं. माझा बाप सांगे, पूर्वी एकदा मतं मोजली होती, अन् त्या साली गावात दोन होळ्या पेटल्या. या बाजूचं माणूस मेलं तर त्या बाजूचा कोणी खांदा द्यायले आला नाई. मंग जुन्या लोकांनी ठरवलं, पुन्हा मोजायचं नाई.

उन्हाळा लागला की मोहाची पानं गळतात, अन् त्याच्यावर फुलं पडतात. पानांत वेचायची फुलं दिसत नाईत, म्हणून झाडाखाली काडी लावून जमीन साफ करायची, हे आमच्याकडे बापजाद्यापासून चालत होतं. पण एका वर्षी ती आग सुटली. दुपारच्या वाऱ्यानं गावापर्यंत आली अन् माझा गोठा गेला. बैल सोडले, पण एकाची पाठ भाजली, तो पुढं जुवाखाली गेलाच नाई. काडी कोणी लावली ते आजपर्यंत समजलं नाई. दुसऱ्या वर्षी पानं गळायच्या आधीच मी सभेत उभा राहिलो अन् म्हणलो, यापुढं मोहाखाली आग नाई. सगळे हो म्हणाले. सभा चालवे सुखदेव, टोल्यावरचा शिकलेला पोरगा. त्यानं रीतीप्रमाणं विचारलं, “कोणाचं काही?”

“माझं नाई,” वयनी म्हणाली.

मले वाटलं जमीन फाटावी. म्हणलो, “वयनी, गोठ्याले लागून तुमचंच घर हाये. वारा जरा फिरला असता तर तुमी कुठी असत्या?”

“राखेत असती. मले माहीत हाये भाऊजी. पण पानं कशी काढू ते सांगा.”

कोणीतरी मागून म्हणलं, “खराट्यानं.” सभा हसली.

“झाडं पाच अन् कंबर एक,” ती म्हणाली. “तुमच्या घरी सुना हायेत, पोरं हायेत. मी आता हो म्हणतो अन् पहाटे जाऊन चोरून काडी लावतो. चालते काय तुमाले असं हो?”

सभा उठली.

त्या संध्याकाळी मी तिच्या चुलीपाशी गेलो. आवाज खाली ठेवून म्हणलो, तुमची पाच झाडं माझी पोरं झाडून देतील, कोणाले सांगायचं काम नाई, सभेत फक्त हो म्हणा. ती भाकर थापत होती. वर न पाहता म्हणाली, “मले भाऊजी हाये. गोदाले कोण हाये?” गोदा म्हणजे वरच्या आळीतली, नवऱ्यानं टाकलेली बाई. मी म्हणलो, गोदा तर सभेत हो म्हणाली. “ते हो नोहे,” वयनी म्हणाली, “ते भेव हाये.” मी उठून आलो. इतका वाईट अपमान माझा परक्यानंही केला नव्हता.

मंग दोन सभा झाल्या अन् दोन्ही मोडल्या. आंगणात आम्ही एकमेकांकडे पाठ करून बसत होतो. पानं गळू लागली. प्रत्येकाच्या घरी काड्याची पेटी होती, अन् जो तो दुसऱ्यावर नजर ठेवून होता. बाया पाण्याले एकत्र जाईनात. पोरं म्हणू लागली, एका बुढीसाठी गाव जाळून घ्यायचं काय, यावेळेस मतं मोजा. त्यानंतरच्या सभेत हे उघड बोलून झालं अन् सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणलो असतो ‘मोजा’, तर तिथीच मोजली असती... मी म्हणलो, मोजायचं नाई. तिच्यासाठी नाई म्हणलो. माझ्या बापानं सांगितलं होतं म्हणून म्हणलो.

त्याच सभेत धूर दिसला. टेकडीच्या अंगानं, भर उन्हात. झाडांच्या हिरव्या डगाली तोडून सगळे धावले. वयनी लुगडं खोचून माझ्या बाजूलेच आग झोडपत होती, खोकत होती, पण हटली नाई. ओढ्याच्या काठावर आग थांबली. काळी तोंडं घेऊन आम्ही परत आलो अन् पाणी पिऊन तसेच सभेत बसलो. सुखदेव म्हणाला, “घरटी एक माणूस द्या. आधी एकट्या बायांची झाडं झाडायची, मंगच आपापली.” एकेक घर हो म्हणत गेलं. वयनीची पाळी आली.

“आधी गोदाची,” ती म्हणाली. “मंग माझं हो.”

तेव्हापासून आमच्या मोहाखाली आग लागली नाई. आग बंद करा हे माझंच म्हणणं होतं अन् ते खरं होतं, हे मी वयनीलेही तोंडावर सांगे. ती म्हणे, “होय ना, तुमचंच खरं. फक्त अर्धं.”

मागच्या आठवड्यात यंदाची सभा झाली. ती गेल्यानंतरची पहिली. पोरं मिरची तोडायले तेलंगणात गेली आहेत, माणसं कमी आहेत. कोणीतरी काढलं की आता एकट्या बाया दोघी-तिघीच राहिल्या, त्यांच्या झाडांचं त्यांचं त्या पाहतील, घरटी माणूस द्यायचं बंद करा. सगळ्यांचं हो आलं. गोदाही हो म्हणाली, पदराचं टोक पिळत. सुखदेव जरासा थांबला. हो झाल्यावर असं थांबायची गावाले सवय लागली आहे, वयनीचं येईपर्यंत. तिची जागा रिकामी होती. कोणी तिकडे पाहिलं नाई, पण थांबले सगळेच.

“माझं नाई,” मी म्हणलो.

सुखदेव म्हणाला, “भाऊ, तुमाले काय अडचण? तुमच्या घरी तर दोन सुना हायेत.”

“मले काई अडचण नाई. गोदाचं हो मले पटलं नाई.”

“आता तुमचंही सुरू झालं काय?” मागून कोणीतरी म्हणलं. यावेळेस कोणी हसलं नाई. मी गोदाले म्हणलो, “बाई, खरं सांगा. झाडता येते?” तिनं पिळलेलं पदराचं टोक सोडलं. मंग म्हणाली, “कुठी येते भाऊ. वाकलं की उठता येत नाई.”

सभा मोडली म्हणून सुखदेव घरी जायले उठला होता. तो पुन्हा खाली बसला.