चौदा स्थानं आणि तुंगारची वाट

निकोलसची वसईत केळीची वाडी होती, पण वाडीला पाणीसुद्धा तो खाटेवर बसून, हाका मारूनच लावायचा. आळशी म्हणजे किती आळशी! थापा मारायला बसला मात्र, की ऐकणाऱ्याने जेवण विसरावं.

अठ्ठ्याण्णव साली त्याच्या छातीत दुखलं. डॉक्टर म्हणाले, चालत जा. बायको सेलिन घाबरली आणि ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या तोंडावर नवस बोलली. ईस्टरपर्यंत निकोलसने दर शुक्रवारी तुंगारचा डोंगर माथ्यापर्यंत चढायचा आणि तिने तोवर मटण-मासळीला शिवायचं नाही. मासळीशिवाय घास न उतरणारी बाई ती!

निकोलस शुक्रवारी निघायचा खरा. पण पायथ्याच्या पहिल्याच ओढ्यापाशी गोखिवऱ्याचा दोस्त शत्रुघ्न कोंबडीचा डबा घेऊन बसलेला असायचा. दोघं हाणायचे आणि सावलीत ताणून द्यायचे. घरी आल्यावर हा सांगायचा, "आज कड्याकडची वाट धरली. वरून पार अर्नाळ्याचा किल्ला दिसतो." सेलिन ते कौतुकाने चर्चच्या दारात सगळ्यांना ऐकवायची. शेवटी फादरांनीच जाहीर केलं, यंदाची क्रुसाच्या वाटेची, येशूच्या दुःखाच्या चौदा स्थानांवर थांबत करायची प्रार्थना तुंगारवर, आणि वाटाड्या निकोलस.

ओढ्यापर्यंत स्वारी ऐटीत गेली. पुढे दोन वाटा फुटल्या. त्याने रुंद वाट धरली. ती निघाली गुरांची, आणि करवंदीच्या जाळीत जाऊन संपली. मागे अख्खा गाव! निकोलस गंभीर चेहऱ्याने वळला. "इथं पहिलं स्थान. गुडघे टेका." लोक प्रार्थनेला लागले आणि हा झुडपांत वाट शोधायला पळाला. मग काय, जिथं वाट चुकेल तिथं स्थान. असं करत चौदावं आणि शेवटचं स्थानही उरकलं, तरी माथा आपला वरच.

"आता कुठं?" फादरांनी विचारलं. 

सेलिन जवळ आली. उपासांनी तिचा चेहरा पार उतरला होता.

"तुम्ही इथवर कधी आलाच नव्हता ना?"

"नाही."

"मग नवस आजपासून, पुन्हा पहिल्यापासून. ईस्टर उलटला तरी, बुडवलेले सगळे शुक्रवार भरेपर्यंत. तुमचा आणि माझाही."

"तू कशाला? मी एकटा चढतो की."

"नवस दोघांचा होता."

ईस्टरला गावभर मटण शिजलं. सेलिनने दुधीची भाजी वाढली आणि स्वतःही तीच जेवली. निकोलसला त्या दिवशी थाप सुचेना आणि घासही गिळवेना.