नर्सबाईंच्या गाडीतला पिवळा दिवा

आमचे हे मुलखाचे चिकित्सक. इंजिन खोललं की पुठ्ठ्यावर त्याचं चित्र काढायचं आणि निघालेला प्रत्येक बोल्ट त्या चित्रात आपापल्या जागी टोचून ठेवायचा. पस्तीस वर्षं गॅरेज चालवलं, पण एक बोल्ट कधी उरला नाही की कमी पडला नाही. माणसांशी बोलायचं तर शब्द मोजून, इंजिनाशी मात्र तासन्‌तास गप्पा!

मग डोळ्यांचं ऑपरेशन झालं. नजर आली, पण धीर गेला. लेक फोनवर हात धुऊन मागे लागली, "बाबा, आता पुरे. शटर ओढा आणि दोघं माझ्याकडे या." हे मोठे शहाणे! तिला शब्द देऊन बसले, "हे एक इंजिन करतो. माझ्या चुकीनं परत आलं, तर गॅरेज बंद."

ते इंजिन नर्सबाईंच्या गाडीचं. त्या घरोघरी जाऊन रोग्यांच्या जखमा बांधतात, गाडीवाचून त्यांचं पान हलत नाही. हेडचं गॅस्केट गेलं होतं, म्हणजे इंजिन वरून सगळं खोलणं आलं. काम सहा दिवस चाललं. बारीक अक्षरावर ह्यांचा भरवसा उरला नव्हता, म्हणून जोडणीची यादी मी वाचायची, ह्यांनी आवळून "झालं" म्हणायचं, मग मी खूण करायची. मी वाचलं नाही, तर हे हातही लावायचे नाहीत.

सातव्या दिवशी सकाळी गाडी गेली आणि जेवायच्या आत परत दारात.

"दादा, चालतेय झकास, पण हा पिवळा दिवा लागलाय," नर्सबाई म्हणाल्या.

चेक लाइट! ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. स्कॅनर लावला, तर त्यावर आलं, मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी.

"जोडताना काहीतरी उघडं राहिलं. मला दिसलं नाही," हे म्हणाले आणि स्टुलावर बसले. कामाच्या वेळी ह्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"अहो, बघा तरी काय ते!"

"काय बघू? लेकीला फोन लाव."

फोन लावते माझं खेटर! मी खणातून यादी काढली आणि वरपासून वाचायला लागले. शेवटाकडे आले आणि बोट एका ओळीवर अडलं. एअर फिल्टरकडून इंजिनाकडे जाते ना, त्या जाड नळीच्या दोन क्लिपा. नेमका तेव्हा माझ्या बहिणीचा फोन आला होता, तिच्या विहिणीचं गाऱ्हाणं रंगात आलं होतं. ह्यांनी पहिल्या क्लिपला "झालं" म्हटलं आणि मी बोलण्याच्या नादात दोन्हींवर एकाच फटक्यात खूण ओढून पुढची ओळ वाचली.

गप्प बसले असते, तर कुणाला कळलंही नसतं. खोटं कशाला बोलू, क्षणभर तसं वाटलंही. पण स्टुलावरचा तो माणूस मला बघवेना.

"अहो, दुसरी क्लिप मी तुम्हाला वाचलीच नाही. फोनवर होते."

हे ताडकन उठले. नळीच्या मागच्या टोकाला हात घातला, तर क्लिप ढिली, नळी बोटानं हलत होती. स्क्रू ड्रायव्हरचे चार वेढे, बस! मग स्कॅनरवरून दिवा घालवला आणि नर्सबाईंना शेजारी बसवून गाडी लांबवर फिरवायला नेली. अर्धा तास माझा जीव टांगणीला. परत आले ते काच खाली करूनच. दिवा लागला नव्हता, स्कॅनरवरचा आकडाही ताळ्यावर होता.

"तुझी चूक!" हे रस्त्यातूनच ओरडले. "अगं, तुझी चूक होती!"

काय तो आनंद! शेजारच्या टायरवाल्याला सांगितलं, समोरच्या शिंप्याला सांगितलं, पोस्टमनला थांबवून सांगितलं. एरवी माझी चूक कबूल करायला मी वर्ष घेते, पण त्या दिवशी दाराला टेकून हसत होते आणि डोळे पुसत होते. सुटले बाई एकदाची!

संध्याकाळी लेकीला फोन ह्यांनी स्वतःच लावला.

"गॅरेज बंद होत नाही," हे म्हणाले. "तुझ्या आईला कामावर ठेवायचं की काढायचं, तेवढं ठरायचंय."