पारापुढनं चपला घालून

नातीच्या नव्या चपलांचा रबरी वास आला, आन् मी थेट मांडवगणच्या पारापुढं जाऊन पोचले.

तवा पारावर वडीलधारे बसलेले असले की बायांनी चपला हातात घेऊन जायचं. आमच्या महिला मंडळानं ठरवलं, आता पायातच ठेवायच्या. पुढं मी, आन् पारावर माझेच सासरे! घरात घेत्यात का न्हाई, ही भीती होतीच.

मागनं धाकटी जाऊ कुजबुजली, "आक्का, काढू का वं?"

"काढून तर बघ!"

मामंजींनी आमच्या पायांकडं पाहिलं.

"सूनबाई, ऊन लई हाय. तुझ्या सासूलाबी एक जोड आण."

तवा वाटलं, मी जिंकले. आता वाटतं, बायकोचे भाजलेले पाय मामंजींना त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.