हिलालची आखाजी

काय म्हणावं या हिलालला! सव्वीस वर्षं ट्रक हाकला, पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, बहिणीला माहेरी आणायला मुराळी म्हणून एकदाही गेला नाही. ही त्याची अक्का, भिकुबाई, चोपड्याजवळ दिलेली. दरवर्षी तिला अमळनेरला आणायला पुतण्या जायचा, नि हा कुठेतरी इंदूरच्या रस्त्यावर. अठ्ठ्याऐंशी साली आई गेली, तेव्हा मात्र त्याने निरोप धाडला, "औंदा मीच येतो. दुसऱ्या कुणाबरोबर निघू नको."

नेमकं तेव्हाच एक गोरं जोडपं आलं, नि त्यांनी हिलालला आपल्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून घेतलं. तीनशे वर्षांपूर्वी त्यांच्याकडचे प्रवासी सुरतेहून बऱ्हाणपूरला ज्या वाटेने गेले, म्हणे त्याच वाटेने जायचं. गाडी कसली, चालतं घरच: आत पलंग, शेगडी, मोरी. वाट चोपड्यावरून जाते म्हणून हिलाल हरखला. सणाच्या आदल्या दिवशी अक्काच्या दारात!

पण त्या दोघांना कसली घाई? नवापूरचं जंगल दिसलं, थांबा. तापीचा काठ दिसला, थांबा. थाळनेरच्या पडक्या बुरुजापाशी तर दोन दिवस मुक्काम! स्टेअरिंग डाव्या अंगाला. पुढचा ट्रक ओलांडायचा तर समोरचं काही दिसेना. हिलालची मान धरली, डोळे भाजून निघाले. ते दोघं पलंगावर, हा खाली चटईवर. बहीण वाट पाहतेय, हे त्याने दोनदा सांगितलं. साहेब नुसता हसला.

दारात पोचला तेव्हा आखाजी कालच होऊन गेली होती. भिकुबाई गाठोडं बांधून ओट्यावर बसलेली. पुतण्याला तिने आल्या पावली परत पाठवलं होतं.

"अक्का, तुले लेवाले उनू," न्यायला आलोय म्हणता म्हणता हिलालने मागे वळून गाडीकडे पाहिलं. गाडी जायची बऱ्हाणपूरला, माहेर राहिलं मागे अमळनेरला. सव्वीस वर्षं मुरलेला ड्रायव्हर, पण एवढी साधी गोष्ट ध्यानात आली नव्हती! शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

भिकुबाई आधी चिडलीच. सगळ्या गावच्या सुना माहेरी गेल्या, हीच काय ती उरली. मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याच्या पायांवर पाणी घातलं, कालचे मांडे नि आंब्याचा रस पुढे ठेवला. बाहेर साहेब हॉर्न वाजवत होता. पन्नाशीचा बाप्या घास हातात धरून ढसाढसा रडायला लागला.

"रडू नको रे भाऊ," तिने गाठोडं सोडून त्यातली गोधडी खाटेवर अंथरली. "माय गई, आते तठे अमळनेरले कोन शे मन्हं? औंदा तूच मन्हाकडे माहेरले उना. जेव, नि नीज."