हौसाची सोनकी

दुपारी तापानं फणफणलेल्या वैजूच्या शेजारी मी जरा आडवी होते. डोळा लागतोय न लागतोय तोच पायाखाली ओलं गवत लागतं. डोंगरावरचा सपाट कातळाचा सडा सोनकीनं नुसता पिवळाधमक झालाय, आणि त्यात बसून फुलं खुडतंय कोण, तर माझी धाकटी बहीण हौसा. वैजूला जन्म देऊन गेली ती. पोर तेव्हापासून माझी.

एवढ्या वर्षांत एकदा फिरकली नाही. आणि आज बरी आली!

"आक्के, पोर कुठाय?"

"मामाकडं गेलीय," मी ठोकून देते.

"एवढ्या तापात?"

म्हणजे हिला सगळं ठाऊक आहे. मेलेलं माणूस मागायला आलं तर काही देऊ नये, हे आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा जाणतं.

"न्यायला आलीस ना? खरं बोल."

ती ओटीत फुलं टाकत राहते. सड्याचं आता माझं स्वयंपाकघर झालंय; चुलीपाशी, मांडणीखाली, जिकडंतिकडं सोनकी, आणि वैजू त्यातच झोपलीय. मी मध्ये उभी राहते.

"एकदा हात लावू दे गं."

"अजिबात नाही. नऊ महिने तुझे, मान्य. पुढची सगळी वर्षं माझी. ती मला आई म्हणते, हौसे. तिला नेलंस तर मी कुणाच्या तोंडाकडं बघून जगू?"

"तश्शीच आहेस, हट्टी," ती हसते. त्या हसण्याचा मला भरवसा वाटत नाही. मी तिचं मनगट धरायला जाते, तर हातात काहीच येत नाही. तिचा तळवा मात्र पोरीच्या कपाळावर टेकलेला. मी किंचाळते.

जाग येते. वैजू घामानं चिंब, अंग गार. गार! माझा जीवच जातो. तेवढ्यात ती कूस बदलते.

"आई, भूक लागली."

तिच्या कपाळावर पाच बोटांचे पिवळे ठसे आहेत, परागाचे. बाहेर वैशाखात सडा करपून गेलाय. सोनकी फुलायला भादवा उजाडावा लागतो.

"कोण आलं होतं गं?"

"कोण येणार? तूच तर हात फिरवत होतीस."

मी ठसे पुसायला पदर उचलते आणि तसाच खाली सोडते. हौसे, मेले, घटकाभर बसली असतीस. मीच बसू दिलं नाही गं तुला.